झाकणाची जागा

"मॅडम, ती झाकणाची भानगड आज काढूनच टाका," असं म्हणून कारखान्याचे मॅनेजर राजरत्न साहेब चहा सांगायला गेले.

श्रद्धाने लॅपटॉप उघडला. अंबरनाथच्या या रंगाच्या कारखान्यातली कंट्रोल सिस्टीम गेल्या वर्षी तिनेच बसवली होती. कंट्रोलर दोन. एकाकडे मोठ्या टाकीतला रंग ढवळणारा पंखा, दुसऱ्याकडे टाकीचं झाकण. दोघांमध्ये सामायिक मेमरी, म्हणजे शेजारच्या दोन बिऱ्हाडांत मिळून एकच पाटी टांगावी तसं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं. झाकणवाल्याने त्याला नेमून दिलेल्या जागी 'उघडं आहे' असं लिहिलं, की पंखा जागचा हलत नसे.

पण टाकीच्या वाफेमुळे झाकणाचा स्विच अधूनमधून खुळ्यासारखा वागे. झाकण बंद असलं तरी 'उघडं' सांगे. मग काम ठप्प आणि साहेबांचं डोकं गरम. साहेब तसे वाईट नव्हते, पण माल वेळेत गेला नाही की बोलणी त्यांनाच बसत. आणि श्रद्धाचं देखभालीचं कंत्राट पुढे चालणार होतं ते त्यांच्याच सहीने. तिने मुकाट्याने ती जागा शोधली. आता पुसायची, एवढंच उरलं होतं.

"श्रद्धा मॅडम ना?"

दारात पन्नाशी उलटलेला एक माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. "मी भोईर. हिंदुराव. इथंच, मोरिवलीला राहतो."

भोईर! श्रद्धा उठूनच उभी राहिली. खंडेनवमीनंतर ती आजच इथे येत होती. तेव्हा बदलापूरला घरी बसून फोनवर तिने एवढंच ऐकलं होतं की भोईर टाकीत होता आणि तुमच्या सिस्टीममुळे वाचला.

इथली एक रीत होती. टाकीत सफाईला उतरणारा आपल्या चपला शिडीपाशी ठेवायचा. चपला दिसल्या की पंख्याला कुणी हात लावत नसे. टाकीत उतरायच्या परवान्याच्या कागदापेक्षा लोकांचा चपलांवर जास्त भरवसा. पण नवमीला मशिनची पूजा. फरशी धुतलेली, रांगोळी काढलेली, सगळ्यांच्याच चपला दाराबाहेर. भोईर शेवटचा हात फिरवायला अनवाणीच आत उतरला. इकडे आरती आटोपली, नारळ फुटला आणि मुहूर्त म्हणून पंख्याचं बटण दाबलं गेलं. झाकण उघडं होतं. पंखा हलला नाही.

"बसा ना काका. कसे आहात आता?"

"बरा हाय. झोप लागते आता थोडी थोडी." त्यांनी पुडा पुढे केला. "नात झाली. सुनेनं पाठवलंय. म्हणाली, मॅडमच्याच हातात द्या, दुसऱ्या कुणाच्या नाय."

श्रद्धाने पुडा दोन्ही हातांत घेतला. ती जागा नेमताना तिच्या मनात कुणाचा जीव वगैरे काही नव्हतं. तसं करायचं असतं म्हणून तिने केलं होतं. त्यांनी हात जोडले तेव्हा तिला फार बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

"माझं कसलं हो काका, देवाची कृपा."

"देवाची तर पूजाच चालली होती तवा. थांबवलं ते तुम्ही." त्यांची नजर स्क्रीनवर गेली. "साहेब बोलले, आज ते काढनार म्हनून."

"हो. मशीन उगाच थांबतं ना."

"थांबू दे. शिव्या पडतात त्या खाऊ आम्ही. पन ते काढू नका, पाया पडतो तुमच्या."

ते खरंच वाकले. श्रद्धाने घाईने त्यांचे हात धरले.

साहेब चहा घेऊन आले तेव्हा तिने लॅपटॉप मिटला होता. "साहेब, ती जागा राहणार. स्विच बदलू, वाफेला न जुमानणारा लावू. तोवर मशीन थांबलं की शिव्या मला घाला."

"आणि कंत्राट?"

"ते तुम्ही ठरवा."

साहेबांनी एकदा हिंदुरावांकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. "पाठवा नव्या स्विचचं कोटेशन," ते म्हणाले.

हिंदुरावांनी डोळे पुसले. "लई उपकार झाले, मॅडम."

"उपकार राहू द्या. पण काका, माझं ऐका, या वयात तुम्ही परत टाकीत उतरू नका."

हिंदुराव तिच्याकडे बघतच राहिले.

"मी कुठं उतरतो, मॅडम? आत माझा पोरगा होता, सुजित. मी सगळ्यांत जुना, म्हनून मुहूर्ताचं बटन मला दाबायला दिलेलं."