बारा मुक्काम

“सातवा मुक्काम कुठं असायचा?” नंदकिशोरने विचारलं आणि मांडीवरच्या पुस्तकात बोट घालून ठेवलं.

“भुऱ्या टेकडीपाशी,” मानीबाई म्हणाली. “खाली दोन सागांच्या मधात झरा. तिथं बैलं सोडत होतो.”

पुस्तकात अगदी हेच होतं. टेकडी, दोन साग, झरा.

नंदकिशोर यवतमाळच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. १९६१ साली गावोगावच्या वाचनालयांसाठी एक यादी करायचं काम त्याच्याकडे आलं: अर्थशास्त्र आणि आर्थिक इतिहासावरची, साध्या माणसाला समजतील अशी दहा पुस्तकं. पहिलं नाव त्याने विचार न करताच लिहिलं. पन्नास वर्षांपूर्वी एक इंग्रज साहेब महागावकडच्या या तांड्यावर सहा महिने राहिला होता. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून कोरडं रान ओलांडणाऱ्या या लोकांचा व्यापार त्याने मुक्कामागणिक लिहून काढला. ते पुस्तक वाचूनच नंदकिशोरने वकिलीचा नाद सोडला होता. बाजार म्हणजे काय, हे त्याला त्या बारा मुक्कामांनी शिकवलं होतं.

यादी तपासणाऱ्या समितीतल्या एकाने मात्र शेरा मारला, की ही साहेबाने घरबसल्या रचलेली गोष्ट दिसते. खात्री करा, नाहीतर नाव काढा. म्हणून तो एसटीने आणि पुढे पायी इथवर आला होता.

सकाळी त्याने तांड्याचा म्हातारा नाईक धरमसिंग याला शेतात एकट्याला गाठलं. दुपारी त्याच्या बहिणीच्या, मानीबाईच्या ओट्यावर येऊन बसला. मधल्या वेळात भावाबहिणीची भेटही झाली नव्हती. तरी बाराच्या बारा मुक्काम जुळले. पाण्याच्या जागा जुळल्या. कुठल्या झऱ्यावर किती बैल पाणी पीत, तेसुद्धा.

नंदकिशोरने पुस्तक मिटलं. कागद नाही, नकाशा नाही, आणि एक अख्खा व्यापारी रस्ता या माणसांनी नुसता डोक्यात जपला होता. आपण वर्गात शिकवतो ते त्याला एकदम फार लहान वाटलं. तो उठला आणि त्या अक्षरओळख नसलेल्या म्हातारीच्या पाया पडला. मग पिशवीतून यादी काढून पहिल्या नावापुढे ‘खात्री केली’ असं लिहून त्याने सही केली.

“आजी, एका शब्दाचा फरक नाही,” तो म्हणाला. “इतकं पाठ कसं राहिलं?”

मानीबाईने त्याच्यापुढे चहाची कपबशी सरकवली.

“बापानं पाठ करून घेतलं होतं. साहेब यायच्या आधी सगळ्या तांड्याले बसवलं, अन् हेच सांगा म्हणाला. खरं पाणी कुठं हाय, ते आमी परक्याले सांगत नाही, मास्तर.”