जसंच्या तसं

"नाही निघत, काका." लखननं पेचकस बाजूला ठेवला. "हार्डडिस्कच जळली. सारं तिच्यातच राह्यते."

रिसोडच्या त्या अरुंद दुकानात, पोट फाडून ठेवलेल्या कॉम्प्युटरकडे दौलतराव नुसते पाहत राहिले. गेल्या आठवड्यात त्यांच्या गावी, केनवडला गेलेली लाइट आली ती अशी उसळून आली, की पंखा वाचला, टीव्ही वाचला आणि नेमका हा गेला. दैव मारायला उठलं की नेम कसा अगदी बरोबर धरतं.

कॉम्प्युटर शिवमचा. शिवम त्यांचा एकुलता एक. मालेगावच्या रस्त्यावर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली, त्याला येत्या दिवाळीला वर्ष होईल. मोबाइलचा तिथंच चुरा झाला. मेलेल्याच्या आवडीचं त्याच्यासंगती द्यावं, ही त्यांच्या भावकीतली रीत. बायका मसणात जात नाहीत, म्हणून प्रयागबाई दारातच राहिली. दौलतरावांनीच घाईघाईत पोराच्या टेबलावरून हाताला लागलं ते उचललं आणि सरणावर त्याच्या उशाशी ठेवलं. टोपी, गॉगल, मोबाइल चार्ज करायची काळी डबी. तिकडं तरी त्याचा मोबाइल बंद पडू नये, असलं काहीतरी खुळं त्या वेळी डोक्यात आलं होतं.

मागं उरला तो कॉम्प्युटरमधला एक व्हिडिओ. प्रयागबाई चुलीपुढं भाकरी थापतेय आणि शिवम मोबाइल धरून तिला छळतोय. "माय, इकडं पाय ना. हास ना वं माय!" शेवटी तो मोबाइल स्वतःकडं फिरवतो आणि दात काढून हसतो. एवढंच. रोज दुपारी प्रयागबाई तेवढं लावून बसायची. दोनदा पाहायची, डोळे पुसायची आणि कामाला लागायची. त्यावरच ती तगून होती. कॉम्प्युटर बंद पडल्यापासून मात्र ताटावर बसायची आणि तशीच उठायची.

"तिले काय सांगू मी?" दौलतरावांचा आवाज फाटला. "पोरगं एकदा गेलं. आता पुन्हा गेलं म्हनू?"

लखन शिवमच्या वर्गातला. तो एकदम म्हणाला, "काका, त्यानं बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलं होतं ना?"

टाकलं होतं! दौलतरावांना सगळंच आठवलं. ते निवडायला पोरानं घर डोक्यावर घेतलं होतं. एकात बटणंच फार, दुसरं सगळं इंग्रजीत विचारायचं, तिसरं अर्ध्यात अडकायचं. "अरे, बैल घेतानाही लोक इतके दात पाहत नाहीत," असं दौलतराव म्हणाले, तर त्यानं बापालाच खुर्चीत बसवलं.

"बाबा, तुमाले एकट्याले जमलं पाह्यजे, असंच पाहून राह्यलो. मी घरी नसलो, तं?"

"पण कायले पाह्यजे थे? कॉम्प्युटर काय मरते काय?"

"मरते बाबा. पन बॅकअप असला, की नव्या हार्डडिस्कवर सारं जसंच्या तसं उभं राह्यते. तुमी फक्त एक बटन दाबाचं."

तेव्हा दौलतराव हसले होते.

"दर रविवारी कॉपी काढे तो," लखन सांगत होता. "थे कॉम्प्युटरच्या बाहेर राह्यते, काका. तिले काही झालं नसन. मी नवी हार्डडिस्क टाकून ठेवतो. तुमी उद्या त्याच्या टेबलातलं सारं सामान घेऊन या. मी पाहतो त्यातून."

दौलतराव पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत. घरी पोचेपर्यंत त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

"शिवम येते?" प्रयागबाईनं विचारलं. ती व्हिडिओ म्हणायचीच नाही.

"येते. जसाच्या तसा."

त्या दिवशी ती जेवली. चांगली अख्खी भाकर ठेच्याशी खाल्ली आणि वर ताकही मागून घेतलं. दौलतराव तिच्याकडं पाहत बसले. इतक्या दिवसांनी आनंद झाला होता आणि त्याचीच त्यांना धास्ती वाटत होती.

सकाळी तीही निघाली. ठेवणीतलं लुगडं नेसून, केस नीट विंचरून. जणू स्टँडवर पोराला घ्यायलाच चालली होती.

लखननं पिशवी टेबलावर पालथी केली. जुन्या सीड्या, इअरफोन, एक पेनड्राइव्ह. त्यात नुसती गाणी निघाली. दौलतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात लखनला ढिगात एक वीतभर काळी वायर सापडली आणि तो हसला.

"हे पाहा, बाहेरून लावाच्या हार्डडिस्कची वायर हेच. म्हंजे कॉपी हाये. घरीच असन कुठीतरी, निसती पिशवीत यायची राह्यली."

"दिसते कशी थे?" प्रयागबाई पुढं सरली.

लखननं काचेच्या कपाटातून तसलीच एक नवीकोरी डिस्क काढून त्यांच्यापुढं धरली. काळी, चपटी, खिशात मावेल एवढी. "अशीच. माह्याकडूनच नेली होती त्यानं."

दौलतरावांनी हात पुढं केला नाही.

प्रयागबाईनं ती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. आणि तिच्या तोंडावर असं हसू आलं, जे दिवाळीपासून घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"अवं बाई, हे तं आपल्या घरची डबी!" ती नवऱ्याकडं वळली. "त्या दिवशी टेबलावरून तुमीच उचलली ना? मी दारातून पाह्यलं होतं. कुठी ठेवली हो तुमी?"