शेवंतीचा कौल

काकासाहेबांनी पाण्याचा वास घेतला, मग बोट बुडवून चाखलं. पाणी साधंच होतं. देवासच्या नळाचं. तेव्हा कुठे त्यांनी त्यात स्वतःच्या हाताने कुंकू कालवलं आणि तांब्या देव्हाऱ्यापुढे ठेवला. कुंकू आत्यासाहेबांनी घरी केलेलं, हळदीचं. बाजारचं या देवीला चालत नाही.

या घरात मोठा प्रश्न देवीलाच विचारतात. अष्टमीच्या सकाळी तांब्यात पांढरी शेवंती उभी करायची, प्रश्न मोठ्याने बोलायचा. संध्याकाळच्या आरतीपर्यंत फूल लाल झालं तर देवी हो म्हणाली. पांढरं राहिलं तर नाही. आजवर ते पांढरंच राहिलं. पणजोबांनी मोटारीचं विचारलं, नाही. त्यांच्या घोड्यानेही म्हणे दातांत फूल धरून दरबारची चाकरी सोडायची परवानगी मागितली होती. तीही मिळाली नाही. घोडा आज हयात असता तर त्याने स्वतः सांगितलं असतं. काकासाहेबांची थोरली बहीण नर्मदाबाई, म्हणजे आत्यासाहेब, यांना तरुणपणी ग्वाल्हेरला नर्सिंग शिकायला जायचं होतं. त्या अजून इथेच आहेत, घरभराला पुरेल एवढं कुंकू करतात.

आता वैभवीला जबलपूरहून बोलावणं आलं होतं, झाडांवर संशोधन करायला. काकासाहेबांच्या या पुतणीने गेल्याच आठवड्यात जेवताना सांगून टाकलं होतं, "काकासाहेब, देवी नाही म्हणतच नाही. कुंकू वर चढत नाही, एवढंच." पाकळ्यांतलं पाणी हवेत उडतं, उडता उडता मागच्या पाण्याला ओढून घेतं, आणि देठातल्या केसाहून बारीक नळ्यांतून पाण्याचा दोर न तुटता वर सरकत राहतो. उंच उंच झाडंसुद्धा अशीच पाणी पितात, पंप न लावता. पण कुंकू पाण्यात विरघळत नाही. ते तळाशी बसतं, पाणी एकटंच वर जातं. नुसतं सांगून ती थांबली नाही. जिलबीचा रंग घातलेल्या पेल्यात तिने एक शेवंती ठेवली आणि दुपारपर्यंत तिच्या पाकळ्यांवर लाल शिरा उमटल्या. तिचा भाऊ यशराज माळवी ढंगात म्हणाला, भिया, देवी तर हलवायाला पटली.

काकासाहेबांचा देवीवरचा विश्वास तसूभर हलला नाही. वैभवीवरचा तेवढा उडाला. म्हणून आज पाणी त्यांचं, कुंकू त्यांच्या हातचं, आणि दिवसभर पहाऱ्याला आत्यासाहेब. वैभवीने कशालाच हरकत घेतली नाही. तिने देठ तिरपा कापला, फूल उभं केलं, हात जोडून प्रश्न विचारला. सगळ्यांनी तो ऐकला, पण काकासाहेबांचे डोळे तिच्या बोटांवर होते. बोटं स्वच्छ होती.

आरती झाली. फूल दह्यासारखं पांढरं.

"देवीने सांगितलं," काकासाहेब समाधानाने म्हणाले. "देवीचा शब्द या घरात कोणी मोडलेला नाही. मीही मोडणार नाही."

"मीही नाही," वैभवी म्हणाली. "आत्यासाहेब, सकाळी मी देवीला काय विचारलं?"

आत्यासाहेब पाटावरून सावकाश उठल्या. दिवसभर त्या तांब्यासमोरून हलल्या नव्हत्या.

"'आई, मी देवासलाच राहू का?' असं विचारलंस."

काकासाहेबांनी देवीकडे पाहिलं, मग तांब्याकडे, मग पुन्हा देवीकडे. तिथून काही मदत येईना. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि यशराजला माळ्यावरची मोठी बॅग काढायला सांगितली.

आत्यासाहेबांनी तांब्यातली शेवंती उचलली, पदराने देठ पुसला आणि ती वैभवीच्या केसांत खोवली.

"मी मेलीने 'जाऊ का' असं विचारलं होतं."