पाच वॅटचा अँप

"आवाज वाढवला की आतून खडखडतो बघ," म्हणत लंबूने पिशवीतला गिटारचा छोटा अँप काउंटरवर ठेवला. "पाच वॅटचा आहे, लेकीला घरी सरावाला घेतलाय. तुझा होता तसाच."

धाकट्याने अँप उलटा केला. मागचा एक स्क्रू ढिला होता. तो आवळायला दोन मिनिटं लागली. अकरा वर्षांनी भेटलेले दोघे जुने मित्र तेवढा वेळ त्या स्क्रूकडेच बघत राहिले.

दुकान दादाचं, म्हणजे थोरल्या भावाचं; मागच्या खोलीत दोघांचं घर. रेडिओ, इस्त्री, पंखा, स्पीकर, जे मुकं होईल ते इथे यायचं. आईवडील गेल्यावर दादानेच धाकट्याला वाढवलं, लग्नही केलं नाही. पुढे धंदा शिकवला तोही डोकं खाऊन. "कापलंस की घास" हे त्याचं पालुपद. वायर असो की पत्रा, कापलेल्या टोकावर कानस फिरवल्याशिवाय दादा ते हातातून सोडत नसे. धाकटा चिडवायचा, "दादा, तू केस कापलेस तरी कानस शोधशील."

"जहाजावरची नोकरी सोडली मी," लंबू म्हणाला. "आता इथेच राहणार. दोन गिटारींचा कार्यक्रम बसवतोय. दुसरी गिटार तुझी."

"माझी बोटं आता स्क्रू पिळायच्या कामाची राहिलीत."

"उगाच भाव खाऊ नकोस. तू माझ्यापेक्षा चांगला वाजवायचास. तुलाही माहीत आहे, मलाही."

आत इस्त्री जुळवत बसलेल्या दादाने मान वर केली नाही.

अकरा वर्षांपूर्वी जहाजावरच्या त्या वाद्यवृंदात गिटारवाल्याची एकच जागा होती. निवड एका हॉटेलच्या खोलीत झाली. प्रत्येकाने आपला अँप आणायचा आणि सात मिनिटं वाजवायचं. लंबूचा नंबर आधी होता, तो वाजवून निघूनही गेला. दादाने धक्का लागू नये म्हणून सकाळी अँप जुन्या रजईत गुंडाळून दिला होता. धाकट्याने तो सोडला, तार जोडली, बटण दाबलं. लाल दिवा लागला, पण आवाज फुटला नाही. बटणं पिळण्यात सातही मिनिटं गेली. समोरचे तिघे आधी थांबले, मग हसले, मग त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

त्या दिवशी घरी येऊन त्याने अँप माळ्यावर फेकला, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणाला. दादाने समजूत काढली नाही. "तू सांगितल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही," एवढंच म्हणाला, आणि शब्द पाळला.

"काढतोच तो अँप आज खाली," धाकटा एकदम म्हणाला.

"कशाला जुनी मढी उकरतोस?" दादा आतून म्हणाला.

"कार्यक्रमाला नको का अँप?"

लंबू खूश होऊन हसला.

दोघे मागच्या खोलीत गेले. धाकट्याने माळ्यावरून अँप उतरवला आणि धूळ पुसून चालू केला. दिवा लागला, आवाज नाहीच. मागची फळी काढली. स्पीकर शाबूत होता, तारा शाबूत होत्या. उरलं हेडफोनचं भोक. त्यात पिन घातली की स्पीकर आपोआप बंद होतो, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नको. धाकट्याने चिमट्याने आत चाचपलं. काहीतरी लागलं. ओढल्यावर पिनेचं टोक बाहेर आलं, शेंगदाण्याएवढं, आणि तत्क्षणी स्पीकर गुरगुरला.

बिघाड कसला तो नव्हताच. धाकट्याने टोक टेबलावर ठेवलं. घरात हेडफोन कुणाकडेच नव्हते. होते फक्त लंबूकडे. निवडीच्या आदल्या संध्याकाळी ते याच अँपला लावून, याच खोलीत तो तासभर वाजवत बसला होता.

"केसाने गळा कापलास माझा," धाकटा म्हणाला.

"मी? अरे, पिन तुटली असती तर मला कळलं नसतं का?"

"कळलं असणारच. म्हणून तर गप्प बसलास."

"माझे हेडफोन नंतर तीन वर्षं चालले. जहाजावर रोज वापरायचो."

"जहाजावरचा साक्षीदार आता मी कुठून आणू?"

लंबूचे डोळे भरून आले होते. धाकट्याला तेही नाटकच वाटलं.

"मी तुला भाऊ मानत होतो," धाकटा म्हणाला. "ऊठ, आणि पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस."

लेकीचा अँप पिशवीत घालून लंबू गेला. मागे वळून त्याने पाहिलं नाही.

दादाने चहा आणून समोर ठेवला आणि पाठीवर हात फिरवला. "जाऊ दे. ज्याची त्याची नियत. आपण दोघं आहोत ना एकमेकांना?"

धाकट्याला जगात आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते समोर बशीत चहा ओतत होतं. "तू होतास म्हणून निभावलं, दादा," तो म्हणाला. दादाने नुसती मान हलवली आणि तो इस्त्रीकडे परत गेला.

चहा संपवून धाकट्याने ते टोक भंगाराच्या डब्यात टाकायला उचललं. हाताच्या सवयीने अंगठा तुटल्या बाजूवरून फिरला, धार लागते का पाहायला.

धार लागली नाही. त्याने टोक दिव्याखाली धरलं. ते तुटलेलं नव्हतं, करवतीने सरळ कापलेलं होतं, आणि कापल्यावर चारी बाजूंनी कानशीने घासून गुळगुळीत केलेलं होतं.