चाचणीचे पडदे

“वय?” मालकानं विचारलं.

“त्रेपन्न. मशीन मला वय विचारत नाही.”

पडद्यांच्या कारखान्याचा मालक तिशीतला. वडिलांमागे कारखाना गळ्यात पडलेला, शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. हे बाईंनी पहिल्याच मिनिटाला ओळखलं.

“तसं नाही काकू, नजरेचं म्हणतोय...”

“काकू घरी. इथं बाई.” बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिथलीच सुई एका फटक्यात ओवून दाखवली. चष्मा लांबचं बघण्यासाठीचा होता, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

मालक हसला. “बरं. आज चाचणी. हे सोळा पडदे एका सभागृहाचे आहेत, आजच द्यायचेत. संध्याकाळी काय ते सांगतो.”

चाचणी! महिन्यापूर्वी बाईंची धाकटी जाऊ इथंच चाचणी देऊन आली होती. “दिवसभर राबवून घेतात नि संध्याकाळी ‘कळवतो’ म्हणतात. फुकटात काम उरकायची युक्ती आहे ती,” असं तिनं बजावलं होतं.

तरी बाई आल्या. जुना कारखाना बंद पडून नऊ महिने झाले होते. मुलगा म्हणे, आई, आता आराम कर. सून म्हणे, नातवाकडे बघा. जो तो त्यांना निकालात काढायला टपलेला. एकतीस वर्षं मशीन चालवलेल्या बाईंना घर खायला उठायचं. काम हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं. पण कुणाच्या पायाशी लोळण घेऊन नव्हे.

कारखान्याच्या हॉलमध्ये चार नवी मशिनं रिकामी होती. बाई गेल्या ते थेट कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या साखळी टाक्याच्या मशीनकडे.

“त्याच्यावर कुणीच बसत नाही,” शेजारची कारागीर म्हणाली.

“मलाही कुणी विचारत नाही. आमचं जमेल.”

दुपारी मालक येऊन मागं उभा राहिला. “जरा सावकाश, बाई. दमाल.”

“दमले तर सांगेन. तुम्ही आधी उजेड सोडा.”

चार-पाच कारागीर गालातल्या गालात हसल्या. मालक बाजूला झाला.

चार वाजता सोळा पडदे तयार. शिवण अशी सरळ, की पट्टीनं लाजावं. टेम्पोवाला गठ्ठा उचलून घेऊन गेला. सहा वाजता मालकानं बोलावलं तेव्हा बाई पर्स खांद्याला अडकवूनच गेल्या. ‘कळवतो’ ऐकायची त्यांची पूर्ण तयारी होती.

मालकानं कागद पुढं केला. “सही करा. उद्यापासून हा हॉल तुमच्या हाताखाली.”

“काय?”

“मला शिवणातलं कळत नाही, बाई. मला तोंडावर बोलणारं माणूस हवं होतं. याआधी सात जणी येऊन गेल्या. मागच्या महिन्यात तर तुमच्याच आडनावाच्या एक बाई आल्या होत्या. पडदे सगळे वाकडे, आणि म्हणतात कशा, मशीनच खराब आहे. ‘कळवतो’ नाहीतर काय म्हणणार?”

नाचता येईना, अंगण वाकडं. जाऊबाईच त्या!

बाईंचा ऊर भरून आला. कागद आधी मुलाच्या, मग सुनेच्या नाकासमोर धरायचा. जावेला तर बसवून मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्यांनी झोकात सही केली, आणि पेन ठेवता ठेवता त्यांचा हात थबकला.

“टेम्पो कुठवर गेला असेल?”

“पोचला. पडदे लावून झालेसुद्धा, आता पाहुणे येतील.” मालक खुशीत होता. “खाली दोरे तेवढे लोंबत होते. ते एकेक ओढून काढा म्हणून सांगितलंय.”

बाई मटकन खुर्चीत बसल्या. ‘कळवतो’ म्हणणाऱ्याची चांगली जिरवायची म्हणून त्यांनी सोळाही पडद्यांच्या साखळी टाक्याचं शेवटचं टोक मुद्दाम गाठ न मारता सोडलं होतं, आणि तो टाका म्हणजे धान्याच्या पोत्याची शिवण: दोरा ओढला की या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर उसवणारी.