मालकाची खुर्ची

जमुना नेमकी त्याच खुर्चीवर जाऊन बसली.

"आयो!" कुसुमावतीच्या तोंडून निघालं. पुढचं तिनं पदरात दाबलं, कारण कारखान्याच्या साहेबांनी, मस्ये फिलिबेरनी, डोळे मिटले होते आणि प्रार्थना सुरू झाली होती. मस्ये प्रार्थनेला बसले की मॉरिशसमधल्या बों अक्योय गावच्या त्या स्वेटरच्या कारखान्यात कोणी शिंकतसुद्धा नसे.

जमुनाचं काही चुकलं नव्हतं म्हणा. बैठकीला बोलावलं म्हणून आली, समोर एक खुर्ची रिकामी दिसली, बसली. दिसली तरी कसली! धुक्यात काहीतरी काळं उभं होतं एवढंच. गेल्या वर्षापासून तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि सगळं जग दुधातून बघितल्यासारखं झालं होतं. खिडकीबाहेर उसाला तुरे आले होते. तिला वाटायचं, ढगच शेतात उतरून बसलेत. यंत्रांवरून उडालेली लोकर जूनच्या उन्हात तरंगायची, आणि ऊन कुठे संपलं, लोकर कुठे सुरू झाली, ते तिला कळत नसे. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. पण आवडून करायचं काय? यंत्रावर टाके सुटायला लागले. इंग्लंडहून अख्खी खेप परत आली. आता तिला ठेवायचं की घरी पाठवायचं, ते आज ठरणार होतं. नवरा ऊसतोडीत पाय मोडून बसलेला. घरातली चूल हिच्याच हातावर पेटत होती.

आणि ती खुर्ची! ती मस्येंची नव्हती की आणखी कुणाची नव्हती. एक्काहत्तर साली पत्र्याच्या शेडमध्ये पाच यंत्रं मांडली, तेव्हाच मस्येंनी सांगून टाकलं होतं, "या कारखान्याचा मालक येशू. मी नुसता त्याचा कारभारी." टेबलाच्या टोकाला त्यांनी मालकासाठी एक खुर्ची ठेवली. मोठा निर्णय असला की तिच्याकडे तोंड करून, डोळे मिटून, तिथल्या क्रेओल बोलीत मोठ्यानं विचारायचं, जरा गप्प बसायचं आणि मग मालकाचं उत्तर सगळ्यांना सांगायचं, असा त्यांचा शिरस्ता. कुसुमावती विणकाम खात्याची सुपरवायझर. घरी गणपती बसवणारी बाई. पण देवाची जागा ती देवाची जागा, म्हणून रोज सकाळी खुर्ची पुसून ती तिच्यावर एक जास्वंद ठेवायची. मस्येंनी कधी हरकत घेतली नाही. माणूस मनाचा खरा होता. फक्त एवढंच, की खुर्ची नेहमी मस्येंच्याच मनातलं बोलायची. कारकून चंद्रमोहन तर प्रार्थनेच्या आधीच निकाल टाइप करून ठेवायचा. नऊ वर्षांत त्याला एकदाही खाडाखोड करावी लागली नव्हती. जमुनाला घरी पाठवायचं आजचं पत्रही त्याच्या हाताखाली तयार होतं.

कुसुमावतीनं लांबूनच हातवारे केले. ऊठ गो, ऊठ! पण हातवारे दिसायला डोळे लागतात. जमुना तिच्या दिशेनं गोड हसली. टेबलावर तपासून पास झालेल्या स्वेटरांचा ढीग होता, आज बोटीवर चढायचा. रिकामं बसायची सवय नाही, म्हणून तिनं वरचा एक ओढला आणि डाळ निवडावी तशी बोटं त्याच्या आतून फिरवायला लागली.

"प्रभू," मस्ये म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. "जमुना पहिल्या दिवसापासून आपल्याकडे आहे. पण आता तिला दिसत नाही. न दिसणारं माणूस कारखान्यात काय करणार? तूच सांग."

दूरच्या साखर कारखान्यातून उकळत्या रसाचा वास आला. लोकरीचा एक तंतू हवेतून सावकाश खाली येत टेबलावर टेकला.

"सांगते की," खुर्चीतून आवाज आला.

मस्येंच्या पापण्या थरथरल्या. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"ह्याच्या काखेत एक टाका सुटलाय, मस्ये. आता दिसायचा नाही. दोनदा धुतला की भोक पडेल. मला विणायला नका बसवू, ते खरंच होत नाही आता माझ्याच्यानं. तपासायला बसवा. सुटलेला टाका डोळ्याच्या आधी बोटाला लागतो."

कुसुमावतीनं स्वेटर घेतला, उलटा केला, खिडकीशी नेऊन ताणून पाहिला. टाका सुटलेला होता. पासच्या चिठ्ठीवर सही तिची स्वतःची होती. तिची मान खाली गेली.

"आणि न दिसणारं माणूस काय करणार, असं विचारता," जमुना म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच नवल वाटत होतं. "सगळ्या बाया सांगतात, तुम्ही डोळे मिटूनच सगळं ठरवता. एवढा कारखाना चाललाय की तुमचा. मला एक टेबल नाही का जमणार?"

मस्येंनी डोळे उघडले. मालकाच्या खुर्चीत जमुना बसली होती. केसांत लोकर, मांडीवर रिकामे हात, आणि लुगड्याला चिकटलेली जास्वंदीची एक चुरगळलेली पाकळी. मस्येंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

चंद्रमोहननं सवयीनं टाइप केलेलं पत्र सहीसाठी पुढे सरकवलं. मस्येंनी ते वाचलंसुद्धा नाही. दोन तुकडे करून खिशात टाकलं.

"नवा कागद घाल, चंद्रमोहन," ते म्हणाले. "नऊ वर्षं मीच बोलत होतो. आज मालक बोलले."