पहिला ओरडा

“उतर खाली! हातपाय मोडून घेशील, भवाने!”

पेरूच्या झाडावर चढलेली नऊ वर्षांची ओवी थक्क झाली. फिट येईल या धास्तीने आजवर घरात कुणी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. पाच औषधं हरली, तेव्हा फिट थांबवायला डॉक्टरांनी भात-साखर बंद करून वाटीवाटीने तूप-खोबरं चालू केलं. गेले दोन महिने फिट एकही नाही.

तरी आईने जीभ चावली. आता पोरीचे डोळे फिरणार...

ओवी मात्र सरसर उतरली आणि धावत शेजारी पोचली.

“काकू, आई मला ओरडली! अगदी दादाला ओरडते तशी!”

“त्यात काय नाचायचं?” तिथेच बसलेला दादा कुरकुरला. “मला रोजच ओरडते.”

मागोमाग आलेल्या आईने डोळे पुसले आणि पदर खोचला.

“थांब गं, अजून कुठे संपलंय माझं!”